शेवटच्या पंधरा मिनिटांसाठी दम: सीमाभागातल्या नव्या फुटबॉलपटूंना

खानापूर, उचगाव, कडोली, येळ्ळूर या पट्ट्यातली पोरं पळण्यात कुणाला हार जाणारी नाहीत. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र बेळगावातच, त्यामुळे सैन्यभरतीच्या १६०० मीटरची तयारी इथं गल्लोगल्ली चालते. पहाटे डांबरी रस्त्यावर घोळकेच्या घोळके धावताना दिसतात. पण हीच पोरं संध्याकाळी फुटबॉल खेळायला उतरली की विसाव्या मिनिटाला कमरेवर हात ठेवून उभी राहतात. मग घरचे आणि गावातले जाणते एकच सल्ला देतात: अजून पळ.

हा सल्ला अर्धाच खरा आहे. फुटबॉलमधला थकवा एकाच जातीचा नसतो. निदान चार जातींचा असतो, प्रत्येकाचं कारण निराळं आणि उपायही निराळा. कोणता थकवा कशानं येतो हे कळलं तर रोज तासभर घाम गाळण्यापेक्षा आठवड्यातले चार दिवस नीट वापरून जास्त फरक पडतो. पंधरा-सोळा वर्षांच्या पुढच्या, नुकत्याच संघात आलेल्या मुलामुलींना डोळ्यांसमोर ठेवून हे लिहितो आहे.

आधी खेळ काय मागतो ते बघा

वरच्या दर्जाच्या ९० मिनिटांच्या सामन्यात गोलकीपर सोडून बाकीचे खेळाडू साधारण १० ते १२ किलोमीटर अंतर कापतात. आकडा ऐकून वाटतं, म्हणजे १० किलोमीटर पळता आलं की झालं. पण ते अंतर सलग नसतं. खेळाडू दर चार-सहा सेकंदांना काहीतरी बदलतो: चालतो, जॉगिंग करतो, थांबतो, वळतो, उडी मारतो, मागे सरकतो. पूर्ण ताकदीची धाव साधारण दीड मिनिटातून एकदा येते आणि दोन ते चार सेकंदांत संपते. सामना मात्र याच धावांवर ठरतो. या सगळ्यात हृदयाचे ठोके सरासरी कमाल ठोक्यांच्या ८५ टक्क्यांच्या आसपास राहतात. म्हणजे चालताना दिसणारा खेळाडूसुद्धा आतून विश्रांती घेत नसतो.

चार थकवे ओळखायला शिका

पहिला थकवा तात्पुरता. दोन-तीन धावा लागोपाठ झाल्या की पाय जड होतात आणि पुढची चार-पाच मिनिटं चेंडू जवळून गेला तरी पाय उचलत नाही. डेन्मार्कमधल्या येन्स बँग्सबो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली हे मोजून दाखवलं. सामन्यातल्या सर्वांत जोराच्या पाच मिनिटांनंतरच्या पाच मिनिटांत खेळाडूंचं वेगवान धावणं त्यांच्या स्वतःच्या सरासरीच्याही खाली जातं. चांगले व्यावसायिक खेळाडूही त्याला अपवाद नव्हते.

हे का होतं? स्फोटक धावेसाठी स्नायूत फॉस्फोक्रिएटिन नावाचा तयार साठा असतो. तो घरावरच्या छोट्या टाकीसारखा आहे: नळ पूर्ण सोडला की काही सेकंदांत रिकामा. ती टाकी भरणारी मोटर म्हणजे ऑक्सिजनवर चालणारी यंत्रणा, अर्थात हृदय, फुप्फुसं, रक्त आणि स्नायूंमधल्या केशवाहिन्या. टाकी निम्मी भरायला साधारण अर्धा मिनिट लागतं, पूर्ण भरायला तीन ते पाच मिनिटं. मोटर दमदार असेल तर दोन धावांमधल्या चालण्यात टाकी बऱ्यापैकी भरते. त्याच वेळी स्नायूच्या पेशींमधून पोटॅशियम बाहेर साचतं, त्यामुळेही आकुंचनाची ताकद काही काळ घटते. लॅक्टिक ॲसिडवर सगळा दोष टाकण्याची जुनी सवय आता सोडायला हवी. दुसऱ्या दिवशी अंग दुखतं तेही त्यामुळे नाही. वाढलेलं लॅक्टेट खेळ संपल्यावर तासाभरात बरंचसं खाली आलेलं असतं.

दुसरा थकवा मध्यंतरानंतर लगेच दिसतो, आणि तो खरं तर थकवाच नाही. पंधरा मिनिटं बसून राहिलं की स्नायूंचं तापमान साधारण दोन अंशांनी उतरतं आणि थंड स्नायू जोर कमी देतात. आपल्याकडे जुलै-ऑगस्टच्या पावसात भिजलेला टी-शर्ट अंगावर ठेवून पोरं मध्यंतरात बसतात, तेव्हा हे आणखी ठळक होतं.

तिसरा शेवटच्या पंधरा-वीस मिनिटांचा. इथं मुख्य कारण इंधनाचं. भाकरी-भातातलं पिष्ट ग्लायकोजेनच्या रूपात स्नायूत साठतं. सामन्यानंतर मांडीच्या स्नायूचा बारीक तुकडा काढून तपासला तेव्हा जवळपास निम्मे तंतू रिकामे किंवा जवळजवळ रिकामे सापडले. सगळे तंतू रिकामे नव्हते, पण वेगाच्या धावेला ज्यांची गरज असते त्यांतलेही बरेच त्यात होते. स्वीडनमध्ये जन्मलेले शरीरशास्त्रज्ञ बेंग्ट सॉल्टिन यांनी १९७३ मध्येच मांडलं होतं की कमी ग्लायकोजेन घेऊन मैदानात उतरलेले खेळाडू अंतर कमी कापतात आणि त्यातलंही निम्म्याच्या आसपास नुसतं चालून कापतात. उन्हाळ्यात या इंधनटंचाईत शरीर तापण्याची आणि पाणी कमी होण्याची भर पडते.

चौथा दुसऱ्या-तिसऱ्या दिवसाचा. एकदम थांबताना, वळताना, उडीवरून उतरताना स्नायू ताणला जात असतानाच जोर लावतो. त्यातून तंतूंना सूक्ष्म इजा होते आणि २४ ते ७२ तास पाय दुखतात. रस्त्यावर सरळ पळणाऱ्याला ही सवय नसते. म्हणून भरतीची तयारी केलेला मुलगाही पहिल्या सामन्यानंतर दोन दिवस जिना उतरताना कठड्याला धरतो.

सुरुवात: स्वतःला मोजा

यो-यो टेस्ट म्हणजे बीपच्या तालावर थांबत-थांबत धावून दम मोजायची चाचणी. तिच्यासाठी मैदानात २० मीटर अंतरावर दोन खुणा करा आणि मागे पाच मीटरवर तिसरी. मोबाइलवर बीपचं रेकॉर्डिंग मिळतं. २० मीटर जाऊन परत यायचं, मग १० सेकंदांत मागच्या खुणेपर्यंत हळू जाऊन यायचं, पुन्हा पुढचा बीप. पहिल्या पातळीच्या टेस्टमध्ये वेग ताशी १० किलोमीटरपासून सुरू होऊन वाढत जातो. दोनदा बीप चुकला की थांबा आणि एकूण मीटर लिहा. वरच्या दर्जाचे पुरुष व्यावसायिक खेळाडू २२०० ते २४०० मीटरपर्यंत जातात. तुमचे ८०० आले तर हरकत नाही, तुमची तुलना सहा आठवड्यांनंतरच्या तुमच्याशीच आहे. ही टेस्ट मी १६०० मीटरच्या वेळेपेक्षा वर धरतो, कारण तिच्यात थांबणं, वळणं आणि सावरणं आहे.

दुसरी गोष्ट, सकाळी अंथरुणातून उठण्याआधी नाडी मोजून वहीत लिहा. पुढे ती उपयोगी पडेल.

पहिले दोन आठवडे: पाया

आठवड्यातून तीन दिवस, ३० ते ४० मिनिटं, बोलता येईल एवढ्याच वेगानं पळा. शक्यतो डांबरावर नको, गवतावर किंवा मातीवर. टिळकवाडीचं लेले मैदान असो वा गावच्या शाळेचं, चेंडू सोबत असला तर उत्तमच. राजहंसगडाचा चढ अधूनमधून चालत चढायला छान आहे, पण तो रोज पळत उतरू नका. उताराच्या धक्क्यांनी नवख्याचे गुडघे आणि मांड्या दुखावतात.

याच काळात फिफाचा '११+' वॉर्मअप शिका. वीस मिनिटांचा, तीन भागांचा, साहित्य काहीही लागत नाही. हळू धावणं, मग ताकद, तोल आणि उड्यांचे व्यायाम, शेवटी वेगाच्या धावा. नियमित करणाऱ्या संघांत दुखापती साधारण एक तृतीयांशानं कमी होतात, असं अनेक अभ्यास एकत्र केल्यावर दिसलं आहे. त्यातला हॅमस्ट्रिंगचा (मांडीच्या मागच्या स्नायूंचा) व्यायाम, म्हणजे गुडघ्यावर बसून, घोटे सोबत्याला धरायला लावून हळूहळू पुढे झुकायचं, तो मला सगळ्यांत मोलाचा वाटतो. तालमीतले जोर-बैठका चालू असतील तर त्या सोडू नका. बैठकांनी मांडीचा पुढचा भाग घडतो, मागचा भाग मात्र या व्यायामानं. पहिल्या आठवड्यात दोन वेळा पाच-पाच पुरेत, नाहीतर दुसऱ्या दिवशी चालणं अवघड होईल.

तिसऱ्या आठवड्यापासून: मोटर वाढवा

यासाठी नॉर्वेत पारखलेली पद्धत आहे. चार मिनिटं जोरात पळायचं, तीन मिनिटं हळू जॉगिंग, असं चार वेळा. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तरुण खेळाडूंनी आठ आठवडे, आठवड्यातून दोनदा हे नेहमीच्या सरावासोबत केलं. त्यांची ऑक्सिजन वापरण्याची कमाल क्षमता किलोमागे मिनिटाला सुमारे ५८ मिलिलिटरवरून ६४ वर गेली आणि सामन्यात कापलेलं अंतर वीस टक्क्यांनी वाढलं.

जोरात म्हणजे किती? कमाल ठोक्यांच्या ९० ते ९५ टक्के. कमाल ठोक्यांचा अंदाज घ्यायला २०८ मधून वयाच्या ०.७ पट वजा करा. १८ वर्षांच्या मुलाला सुमारे १९५ येतात. म्हणजे चार मिनिटांच्या शेवटी १७६ ते १८५ ठोके हवेत. घड्याळ नसेल तर थांबल्याबरोबर मानेची नाडी १० सेकंद मोजा, २९ ते ३१ आली की बरोबर. एखादा शब्द बोलता येतो, पूर्ण वाक्य नाही, हीही ओळख चालते.

नुसतं पळायचा कंटाळा येत असेल तर चारास चार खेळा. मैदान ३० ते ४० मीटर लांब, गोलकीपर नाही, बाहेर गेलेला चेंडू आणायला कुणी धावायचं नाही, कडेला दोन-तीन जादा चेंडू ठेवायचे. चार मिनिटं खेळ, तीन मिनिटं विश्रांती. ठोके तेवढेच वर जातात आणि पायात चेंडूही राहतो. चेंडू आणायला वेळ गेला की मात्र सगळा फायदा निसटतो. ही बारीक गोष्ट आपल्याकडच्या सरावात हमखास सुटते.

चौथ्या आठवड्यापासून: टाकी आणि वेग

आठवड्यातून एकदा, ताजेतवाने असताना, वॉर्मअपनंतर लगेच. २० ते ३० मीटरच्या सहा पूर्ण ताकदीच्या धावा, मध्ये दीड ते दोन मिनिटं चालणं. इतकी विश्रांती पाहून नव्या मुलांना हा आळशीपणा वाटतो. तसं नाही. टाकी भरायच्या आत पळलात तर वेग वाढत नाही, फक्त दमणं होतं. दमलेल्या अवस्थेतल्या धावांचा सराव वेगळा करा: २० मीटर जाऊन २० मीटर परत, २५ सेकंद थांबा, असं सहा वेळा. मग चार मिनिटं चालून आणखी एक फेरी. दोन्ही एकाच दिवशी नको.

रविवारी सामना असेल तर सोमवारी हलकं चालणं, मंगळवारी ताकद आणि चेंडूचं कौशल्य, बुधवारी चार-चार मिनिटांचा सराव, गुरुवारी स्प्रिंट, शुक्रवारी अर्धा तास हलका खेळ, शनिवारी आराम. शनिवारी जोराचा सराव ठेवणारे संघ रविवारी रिकाम्या स्नायूंनी उतरतात.

ताट

सामन्याच्या आदल्या दिवशी वजनाच्या किलोमागे ६ ते ७ ग्रॅम पिष्ट पोटात जायला हवं. ६० किलोच्या खेळाडूला सुमारे ४०० ग्रॅम. एका ज्वारीच्या भाकरीत साधारण ४५ ते ५० ग्रॅम, भरलेल्या ताटलीभर भातात पन्नासेक, एका केळ्यात पंचवीस. म्हणजे नेहमीच्या दोन जेवणांत हे बसत नाही, मध्ये दोनदा खावं लागतं. बेळगावची रताळी इथं कामाला येतात: दोन मोठी उकडलेली रताळी आणि गूळ. संकष्टी किंवा एकादशी सामन्याच्या आधी आली तर उपास मोडायचा की नाही हा तुमचा प्रश्न, पण नुसत्या चहावर राहू नका. रताळी, केळी, खजूर, दूध उपासालाही चालतं.

सामन्याआधी तीन तास: भात-आमटी किंवा पोहे, तेल कमी. मिसळ आणि तर्री त्या दिवशी नको, चरबी आणि तिखट पोटात रेंगाळतं. कुंदा सामन्यानंतर खुशाल खा.

खेळ संपल्यावर पहिल्या दोन तासांत स्नायू पिष्ट वेगानं ओढून घेतात. त्या वेळी केळी, पोहे, भात आणि सोबत २० ग्रॅम प्रथिनं: तीन अंडी किंवा अर्धा लिटरहून थोडं जास्त दूध. घरी गेल्यावर मटकीची उसळ-भाकरी. महागडे डबे विकत घ्यायची गरज नाही.

मुलींसाठी आणि त्यांच्या आयांसाठी एक गोष्ट जोर देऊन सांगतो. सराव नियमित असूनही दम वाढत नसेल, धाप लागत असेल, तर आधी हिमोग्लोबिन तपासा. मुलींमध्ये ते १२ च्या खाली असेल तर ऑक्सिजन वाहून न्यायला रक्तच अपुरं आहे आणि अशा वेळी सराव वाढवून काही होणार नाही. पाळी अनियमित झाली किंवा थांबली तर जेवण कमी पडतंय का ते डॉक्टरांना विचारा. हा विषय घरात दाबून ठेवू नका.

निपाणीच्या तंबाखूवर या भागातली असंख्य घरं उभी राहिली, ते कष्ट मी जाणतो. पण विडी-सिगारेटच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. सामन्याआधी ओढलेली एक विडी बुधवारची मेहनत खाऊन टाकते.

पाणी आणि ऊन

सामन्याआधी आणि नंतर कमीत कमी कपड्यांत वजन करा. एक किलो घटलं म्हणजे मध्ये प्यायलेलं पाणी धरून साधारण एक लिटर आणखी हवं होतं. वजनाच्या दोन टक्क्यांहून जास्त घट झाली की वेग आणि निर्णय दोन्ही ढेपाळतात. ६० किलोच्या मुलाला ती मर्यादा १.२ किलो आहे. एप्रिल-मेमध्ये ती सहज ओलांडली जाते. उलट वजन वाढलं तर पाणी गरजेपेक्षा जास्त झालं, तेही धोक्याचं.

घरचं पेय: एक लिटर पाणी, चार मोठे चमचे साखर, पाव छोटा चमचा मीठ, लिंबू. सरावात पिऊन बघा, सामन्याच्या दिवशी पहिल्यांदा नको. आंबील आणि ताक सामन्यानंतर छान. पोटरीत गोळा आला तर बोटं नडगीकडे ओढून ताण द्या आणि बाहेर या. मीठ कमी पडणं हे एक कारण असतं, पण बहुतेक वेळा तो स्नायू सवयीपेक्षा जास्त दमलेला असतो. लिंबू चोखून परत धावलात तर तो पुन्हा येतो.

बेळगाव शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंच, संध्याकाळ लवकर गार होते. तिथून गोव्यात सामना खेळायला उतरलात की दमट हवेत घाम सुकत नाही आणि अंग तापत जातं. शरीराला अशा हवेची सवय व्हायला १० ते १४ दिवस लागतात. तेवढे दिवस मिळत नसतील तर वॉर्मअप छोटा ठेवा, मानेवर ओलं फडकं ठेवा, बदली खेळाडू लवकर उतरवा. २०१४ च्या विश्वचषकात फोर्तालेझा इथं नेदरलँड्स–मेक्सिको सामना पाणी पिण्यासाठी अधिकृतपणे थांबवला होता. गावच्या स्पर्धेत दुपारी दोनचा सामना असेल तर पंचांकडे तीच मागणी करायला लाजू नका.

सामन्याच्या दिवशी

मध्यंतरात पाणी पिऊन झालं की ओला टी-शर्ट बदला आणि शेवटची पाच मिनिटं उभं राहून हलकं धावा. उन्हाळ्यात उलट, सावलीत राहा आणि दोनच मिनिटं हलवा.

सात-सातच्या स्पर्धांत एका दिवसात तीन-चार सामने लागतात. तिथं सगळं गणित दोन सामन्यांमधल्या वेळावर असतं. पहिल्या दहा मिनिटांत केळं आणि साखरेचं पेय, मग सावलीत पाय वर करून पडा. इतरांचे सामने उभं राहून बघण्यात पाय जातात. सलग दोन दिवस अशा स्पर्धा खेळून तिसऱ्या दिवशी सराव ठेवू नका. जोराच्या सामन्यातून शरीर पूर्ण सावरायला ७२ तासही लागू शकतात. बर्फाच्या पाण्यापेक्षा आठ-नऊ तासांची झोप जास्त काम करते, आणि ती फुकट आहे.

कधी थांबायचं

प्रत्येक सरावानंतर तो किती कठीण गेला याला ० ते १० गुण द्या आणि मिनिटांनी गुणा. ६० मिनिटांचा, ७ गुणांचा सराव म्हणजे ४२०. आठवड्याची बेरीज एकदम उडी मारू देऊ नका. सकाळची नाडी नेहमीपेक्षा ८-१० ठोक्यांनी दोन-तीन दिवस वर राहिली, झोप लागेना, चिडचिड वाढली, तर दोन दिवस पूर्ण विश्रांती.

काही खुणा वहीत लिहायच्या नसतात, त्यांच्यावर लगेच हालचाल करायची असते. धावताना छातीत दुखणं, शुद्ध हरपणं, घरात कुणाचा तरुणपणी अचानक मृत्यू झालेला असणं: यातलं काहीही असेल तर ईसीजी आणि डॉक्टरांच्या परवानगीशिवाय मैदानात नाही. उन्हात खेळाडू बरळायला लागला, झोकांड्या खाऊ लागला तर त्याला सावलीत आणून अंगावर गार पाणी ओतत राहा आणि १०८ ला फोन करा. शुद्धीवर नसलेल्याच्या तोंडात पाणी घालू नका. कोसळलेला खेळाडू श्वास घेत नसेल तर क्षणभरही न थांबता छातीच्या मधोमध जोरात, मिनिटाला १०० ते १२० वेळा दाबायला सुरुवात करा. संघातल्या दोघांना तरी हे शिकलेलं असायलाच हवं.

सहाव्या आठवड्याच्या शेवटी

त्याच मैदानावर, त्याच बुटांत, त्याच वेळेला यो-यो पुन्हा करा आणि एका सामन्याचं मोबाइलवर चित्रीकरण मागून घ्या. मीटर वाढले, पण शेवटच्या पंधरा मिनिटांत तुम्ही चालतच असाल तर मोटर ठीक आहे, कमी पडतंय ते ताट आणि पाणी: शुक्रवार-शनिवारचं जेवण लिहून बघा. शेवटपर्यंत पळता, पण दोन धावांनंतर तिसरी निघत नाही, तर चार-चार मिनिटांचा सराव आणखी चार आठवडे चालू ठेवा आणि २५ सेकंदांच्या विश्रांतीच्या धावा वाढवा. मध्यंतरानंतरच्या दहा मिनिटांतच गोल खात असाल तर मध्यंतराची पाच मिनिटं कुठं जातात ते पाहा. आणि मीटर मुळीच वाढले नसतील तर सराव वाढवण्याआधी झोपेचे तास आणि हिमोग्लोबिन, याच क्रमानं तपासा.